भामरागडला निघालो, दौंडला पोचलो: गळक्या टाकीचे पाच दिवस

रेवतीची आठ दिवसांची रजा मंजूर झाली आणि त्याच संध्याकाळी मी भिंतीवरच्या नकाशावर पेन्सिलने रेघ ओढली. पुणे, नगर, जालना, वाशिम, यवतमाळ, चंद्रपूर, आलापल्ली, भामरागड. आपल्याच राज्याचं दुसरं टोक. तिथे तीन नद्या एकत्र येतात एवढं शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं आणि ते कधीतरी डोळ्यांनी बघायचं, असं आम्ही लग्नानंतर लगेच ठरवलं होतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, दिवाळीची सुट्टी मला असतेच. रेवती टपाल खात्यात आहे. दिवाळीला जोडून तिला सलग रजा मिळायला इतकी वर्षं लागली.

गाडीबद्दल आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. आमची जीप आमच्या लग्नाहून जुनी आहे. लष्कराच्या लिलावातून निघालेली, तीन हात फिरून माझ्याकडे आलेली, चारही चाकांना ताकद देणारी आणि लिटरला सात-आठ किलोमीटरवर पेट्रोल पिणारी. मूळ टाकी चालकाच्या सीटखाली. आधीच्या कुणा मालकाने शेजारच्या सीटखाली पस्तीस लिटरची दुसरी टाकी बसवून घेतलेली. आलापल्लीच्या पुढे पंप कुठे सापडेल याची खात्री नव्हती, म्हणून माझा सगळा बेत या जादाच्या टाकीवर उभा होता. त्या सीटवर रेवती बसते, हे मात्र मी त्या बेतात धरलंच नव्हतं.

पहिला दिवस

पहाटे साडेपाचला सिंहगड रोडवरून निघालो. दोन्ही टाक्या काठोकाठ. नगर रस्त्याने जाणाऱ्यांना एकच सांगणं: वाघोली सहाच्या आत ओलांडा. आम्ही ओलांडली आणि लोणीकंदच्या पुढे रस्ता मोकळा झाल्यावर मी गाणं गुणगुणायला लागलो.

"पेट्रोलचा वास येतोय," रेवती म्हणाली.

"पुढच्या टेम्पोचा असेल."

टेम्पो डावीकडे वळून गेला. वास राहिला. कोरेगाव भीमाला नाश्त्याला थांबलो. मिसळ झणझणीत होती, पाव ताजे होते, पण रेवतीचं लक्ष ताटात नव्हतं. तिने सीटखाली लोंबत राहिलेल्या ओढणीचं टोक नाकाशी नेलं आणि माझ्यापुढे धरलं. ओलं होतं. मी गाडीखाली वाकून बघितलं. शेजारच्या सीटच्या बरोबर खाली धुळीत रुपयाएवढा काळा ठिपका पडला होता, आणि मी बघत असतानाच त्यात वरून आणखी एक थेंब पडला.

अशा वेळी एक जुना उपाय आहे. अंगाचा कोरडा साबण भोकावर घट्ट घासायचा. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, त्यामुळे बारीक छिद्र काही काळ बुजतं. मी शेजारच्या दुकानातून साबणाची वडी आणली, रस्त्याकडेला पाठीवर झोपून टाकीच्या तळाला चोळली. थेंब थांबला. मी उठून हात झटकले आणि जिंकल्यासारखं रेवतीकडे बघितलं.

"हे भामरागडपर्यंत टिकेल?" तिने विचारलं.

कारेगावपर्यंतही टिकलं नाही. कंपन्यांची पाळी सुटली होती, रस्ताभर दुचाक्या आणि बसची गर्दी, आणि त्यातच वास पुन्हा आला, आधीपेक्षा उग्र. रेवतीने पाय वर घेतले आणि मागे सामानावर टेकून बसली. कारेगावच्या एका टायरवाल्याने खाली बघून सांगितलं, "साहेब, टाकी काढाया लागंल. हितं वेल्डर मोप हायेत, पन सगळे गेटाच्या आत. शिरूरला जावा, साळव्याकडं. कंपनीत बारा वरीस काम केलंय त्यानं. आता सोताचं शेड हाय."

शिरूरला पोचेपर्यंत अकरा वाजले. साळवे गावाबाहेर कुठल्याशा शाळेचं गेट बसवायला गेले होते, उद्या सकाळी भेटतील असं शेजारच्या दुकानातून कळलं. तो दिवस मग टाकी काढण्यात गेला. एका गॅरेजमध्ये सीट उचकटली, गंजलेले पट्टे सोडवले, दुपारी तीनच्या सुमारास उरलेलं पेट्रोल मूळ टाकीत आणि दोन कॅनमध्ये ओतलं. निम्म्याहून जास्त पेट्रोल अजून शिल्लक होतं. लॉजच्या मोकळ्या अंगणात मी टाकी साबणाच्या पाण्याने दोनदा खळबळून काढली आणि झाकण उघडं ठेवून भिंतीला टेकवली.

लॉज साधाच, नऊशे रुपये, गरम पाणी सकाळी बादलीने. मी नकाशा पलंगावर पसरला. उद्या दहाला टाकी जोडून झाली तर मुक्कामाला वाशिम गाठता येईल. अकरा वाजले तरी चालेल. बाराला उशीर होईल. मी असं मागेपुढे करत होतो आणि रेवती खिडकीतून खाली अंगणातल्या टाकीकडे बघत होती.

दुसरा दिवस

नवनाथ साळवे चाळिशीचे, अंगाने सडसडीत, बोलायला कमी. शेडमध्ये बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली कंपनीने दिलेलं प्रमाणपत्र, आणि बाजूला ऊस वाहायच्या ट्रॉल्यांचे सांगाडे रांगेत उभे. कारखाने सुरू होत होते, त्यामुळे त्यांच्याकडे रीघ होती. तरी त्यांनी टाकी उचलून घेतली, उलटी केली, तळावर बोटं फिरवली. मग झाकणापाशी नाक नेलं.

"वास येतोय, सर. कवा रिकामी केली?"

इथे मी थांबू शकलो असतो. मला माहीत होतं की आदल्या दिवशीपर्यंत पेट्रोल असलेल्या टाकीला वेल्डिंग करायचं नसतं. द्रव ओतून टाकला तरी वाफ आत राहते, पत्र्याला गंज असेल तर त्यात मुरते, आणि भरलेल्या टाकीपेक्षा अशी रिकामी टाकी जास्त धोक्याची. हे मी सव्वीस वर्षं मुलांना फळ्यावर लिहून देतोय.

"महिना झाला," मी म्हणालो. "गळते म्हणून वापरतच नव्हतो. कोरडी ठणठणीत आहे."

"मंग वास?"

"जुना वास पत्र्याला राहतो हो. मी केमिस्ट्री शिकवतो. काही होत नाही."

साळव्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर शंका होती, आणि ती विरघळताना मी स्पष्ट पाहिली. "सर सांगत्यात म्हंजी..." असं अर्धवट बोलून त्यांनी टाकी दोन विटांवर ठेवली, गळतीची जागा तारेच्या ब्रशने घासली, मशीनचं बटण दाबलं. मशीन घुमायला लागलं. त्यांनी हातमोजे चढवले, टाकीला अर्थिंगचा चिमटा लावला आणि तोंडावर काच ओढली.

"दादा, थांबा!"

रेवती शेडच्या दारात होती. तिने एवढ्या मोठ्याने हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती.

"काल दुपारी तीन वाजेपर्यंत त्या टाकीत पेट्रोल होतं. आम्ही पुण्याहून भरून आणलं होतं. हे खोटं सांगतायत."

साळव्यांनी काच वर केली. वेल्डिंगचा दांडा खुंटीला अडकवला, मशीन बंद केलं, चिमटा काढला, एकेक मोजा उतरवला. सगळं सावकाश. शेडमधला आवाज बंद पडल्यावर बाहेरच्या रस्त्यावरची गाडी न् गाडी ऐकू यायला लागली.

"सर," ते म्हणाले, "तुम्हाला ठावं व्हतं?"

"हो."

"मंग?"

वाशिमला मुक्कामाला पोचायचं होतं, हे काय सांगणार.

ते कोपऱ्यात गेले आणि रंगाचा एक रिकामा लहान डबा घेऊन आले. बुडापाशी खिळ्याने भोक पाडलं. माझ्या कॅनमधून पेट्रोलचे दोन थेंब डब्यात टाकले, कॅन लांब नेऊन ठेवायला लावला, डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि तो हातात धरून हलवला. मग शेडबाहेर मोकळ्या जागेत, टाकीपासून चांगली तीस पावलं दूर, डबा दगडावर ठेवला. लांब सळईच्या टोकाला चिंधी बांधून पेटवली आणि सळई माझ्या हातात दिली.

"लावा भोकाला."

मी लावली. फाडकन आवाज झाला आणि झाकण माझ्या डोक्याच्या बरंच वर उडून शेजारच्या बाभळीत अडकलं. हातातली सळई सुटून खाली पडली.

"दोनच थेंब व्हते," साळवे म्हणाले. "आन् तुमच्या टाकीवर मी वाकून बसलो व्हतो."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. "आज मी ह्या टाकीला हात लावणार न्हाई. उद्याबी न्हाई. हात थिर न्हाई माझा." मग रेवतीकडे वळून म्हणाले, "ताई, दौंडला जावा. लायनीच्या पल्याड शकुंतलामावशी म्हनून हायेत, रेडिएटरचं काम करत्यात. आगीबिगर कथलाचा डाग देत्यात त्या. टाकीला त्येच बरं."

त्यांनी टाकी स्वतः उचलून जीपमध्ये मागे ठेवली, झाकण उघडं, ताडपत्री दोन्ही बाजूंनी वर बांधून, वारा आरपार जाईल अशी.

शिरूरहून न्हावरा, पारगाव, मग चौफुल्याला सोलापूर रस्ता पकडून वरवंड, पाटस आणि दौंड, असे आम्ही गेलो. गुगल वेगळी वाट सुचवत होतं, पण मला ही माहीत होती. पारगावपाशी भीमेचा पूल लागतो आणि एरवी मला तो आवडला असता. दोन्ही बाजूंना ऊस, तुरे आलेला. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यांना मागे टाकायची घाई करू नका. समोरून येणाराही तसाच असतो. रेवती मागच्या बाकावर बसून होती. टाकीची जागा मोकळी असल्याने पुढची सीट लावलीच नव्हती. पुलावर वाऱ्याने टाकीच्या तोंडातून बारीक घुमल्यासारखा आवाज येत राहिला.

वरवंडला जेवायला थांबलो. बाजरीची भाकरी, शेवभाजी, कच्चा कांदा. दोघांचे मिळून अडीचशे रुपये. रेवतीने अर्धी भाकरी खाल्ली. इथून मागे फिरलो की सरळ पुणे, दोन तासांत घर.

"परत जायचं का?" मी विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"टाकी नीट करूनच जायचं. भामरागड होवो न होवो. नीट, म्हणजे जशी करायला हवी तशी."

तिने पाण्याचा पेला संपवला. "मग चल," म्हणाली.

दौंड रेल्वेचं गाव. गाड्यांच्या वेळांवर चहाच्या टपऱ्या भरतात आणि रिकाम्या होतात. लाइनीपलीकडे विचारत गेलो तर शकुंतलामावशी सगळ्यांना माहीत होत्या. पत्र्याचं शेड, भिंतीला टांगलेले रेडिएटर, आणि लुगड्यावर पुरुषी शर्ट घातलेल्या साठीच्या पुढच्या मावशी पाटावर बसून काम करत होत्या. बाजूला खुर्चीत त्यांचे यजमान, ज्यांना सगळे मामा म्हणतात. हे काम मुळात त्यांचं. हात थरथरायला लागल्यापासून मावशी करतात आणि मामा खुर्चीतून चुका काढतात.

मावशींनी टाकी आत आणूच दिली नाही. बाहेर लिंबाखाली ठेवायला लावली.

"कवा रिकामी केली?"

"काल दुपारी तीनला. साबणाने दोनदा धुतलीय, पण वाफ आहे आत." आणि मग न विचारताच मी सांगून टाकलं, "शिरूरला साळव्यांना मी खोटं सांगितलं होतं. महिना झाला म्हणून."

मावशींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मला कशाला सांगताय? त्येला सांगा जाऊन."

मामा खुर्चीतून म्हणाले, "आधी टाकी धू म्हनावं. बाकीचं मागनं."

तिसरा दिवस

तर टाकी कशी धुवायची ते लिहितो, कारण असं पुस्तकात सापडत नाही. कढत पाणी, त्यात धुण्याचा सोडा मूठभर, आणि ओंजळभर बारीक खडी. पाणी तापवायचं चुलीवर, पण चूल टाकीपासून लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला. मी पलीकडच्या चहावाल्याकडून बादलीने आणत होतो. पाणी ओतायचं, झाकण लावायचं, आणि टाकी दोन्ही हातांत धरून हलवायची. उलटी, सुलटी, आडवी. खडी आतला गंज खरवडून काढते. मग पाणी पिंपात ओतायचं; मावशींनी ते गटारात टाकू दिलं नाही. दरवेळी त्यावर सप्तरंगी तवंग असायचा. तवंग दिसला की पुन्हा.

पाचव्या वेळेला माझे खांदे भरून आले. सातव्या वेळेला रेवती आमच्या दौंडच्या लॉजवरून आली, थोडा वेळ उभी राहिली आणि टाकीची दुसरी बाजू धरली. आम्ही दोघं समोरासमोर उभे राहून ती झोळीसारखी हलवत होतो.

"मागच्यापेक्षा पाणी निवळ आहे," ती म्हणाली. शिरूरनंतर माझ्याशी आपणहून बोललेलं पहिलं वाक्य.

अकराव्या वेळेला तवंग आला नाही. मी टाकी उन्हात ठेवायला लागलो तर मावशी म्हणाल्या, "तोंड खाली करा. ही वाफ जड असती. वर जात न्हाई, खाली सांडती."

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. याच वाक्याखाली मी दरवर्षी मुलांना रेघ मारायला सांगतो. ते मावशींकडून ऐकताना मला माझीच लाज वाटली, आणि मी टाकीचं तोंड खाली केलं.

संध्याकाळी तपासणी. सायकलच्या पंपाने आत बेताची हवा भरायची आणि बाहेरून साबणाचं पाणी लावायचं. एका जागी बुडबुडे येतील अशी माझी अपेक्षा होती. पाच जागी आले, सगळ्या एकमेकींजवळ.

"घाणीनं भोकं बुजली व्हती," मामा म्हणाले. "आता खरी टाकी दिसली."

मावशींनी तळावर अंगठा दाबला. पत्रा किंचित दबला. "नुस्ता डाग देऊन भागायचं न्हाई. ठिगळ लावाया लागंल. उद्याचा दिवस जाईल. चालंल?"

रेवतीची रजा, वाशिम, यवतमाळ, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. पाचवा दिवस उजाडला तरी आम्ही दौंडलाच असणार होतो आणि इथून भामरागड जाऊन-येऊन बसत नव्हतं. मी रेवतीकडे बघितलं. ती मावशींना म्हणाली, "चालेल. घाई नाही आम्हाला."

चौथा दिवस

टाकीत पाणी भरून, झाकण लावून ती उलटी ठेवली; पाणी वर आलेल्या तळाच्या पत्र्यापासून जेमतेम बोटभर खाली, म्हणजे वाफेला आत जागा नको आणि पत्रा तापायलाही हवा. भट्टी दहा पावलांवर. डाग द्यायचं हत्यार म्हणजे लोखंडी सळईच्या टोकाला तांब्याचा जाड ठोकळा. तो निखाऱ्यात तापवायचा, नवसागरावर घासायचा, की पांढरा धूर निघतो आणि तांबं लख्ख होतं. मग तो उचलून टाकीपाशी आणायचा. ज्योत टाकीजवळ येतच नाही.

मावशींनी पत्रा कानशीने घासून चकचकीत केला, ब्रशने तेजाब लावलं, वर पितळी पत्र्याचं तळहाताएवढं ठिगळ बसवलं आणि ठोकळा कडेने फिरवला. कथील वितळलं आणि पाण्यासारखं पत्र्यांच्या फटीत शिरलं. हे बघताना मी तासभर जागचा हललो नाही. त्यांचा हात कुठे थांबत नव्हता, कुठे घाई करत नव्हता.

"कोपरा राहिला," मामा म्हणाले.

"न्हाई राहिला."

"राहिला."

दुपारी पंप लावला तर बरोबर त्या कोपऱ्यातून एक बुडबुडा आला. लहानसा, मोहरीएवढा. मला वाटलं, वरून थोडं कथील टाकून देतील. मावशींनी ठोकळा तापवला, ठिगळाची ती पूर्ण कड सोडवली, पुन्हा घासली, पुन्हा तेजाब, पुन्हा डाग. मामांकडे एकदाही बघितलं नाही. दुसऱ्यांदा पंप लावला. साबणाचं पाणी तसंच चमकत राहिलं, बुडबुडा नाही. मामांनी चहा मागवला.

"आता हे बगा," मावशींनी टाकी बांधायचा लोखंडी पट्टा माझ्यापुढे टाकला. त्याची आतली कड घासून धारदार झाली होती. "गळायचं कारन हे. ह्यो पट्टा टाकीला खातोय. भोक बुजवलं तर सा म्हैने जातील. खानं बंद करा, मंग जाईल धा वरीस." मी बाजारातून ट्रकची जुनी ट्यूब आणली, तिच्या पट्ट्या कापल्या आणि टाकी जिथे जिथे लोखंडाला टेकते तिथे तिथे लावल्या. तुमच्या गाडीत अशी बाहेरून बसवलेली टाकी असेल तर आज जाऊन पट्ट्याखाली रबर आहे का ते बघा. मावशींनी दोन दिवसांच्या कामाचे चौदाशे घेतले आणि वर एक रुपया घेतला नाही.

पाचवा दिवस

सकाळी टाकी बसवली, पेट्रोल भरलं आणि तासभर खाली कोरा कागद पसरून ठेवला. कागद कोरडा राहिला. मी सीट आवळली. रेवतीने हात पुढे केला.

"किल्ली दे. गाडी मी चालवते. तू इकडे बस."

मी टाकीवरच्या सीटवर बसलो. ती जीप चालवते, पण महामार्गावर क्वचित. दौंडमधून बाहेर पडताना पहिल्या खड्ड्यात टाकीत पेट्रोल डचमळलं आणि ते माझ्या मांडीखाली मला जाणवलं. चार दिवसांपूर्वी तिला हे शिरूरपर्यंत जाणवत होतं आणि मी गाणं म्हणत होतो.

चौफुल्याला आलो; सरळ गेलं की पुणे. "शिरूरकडे वळव," मी म्हणालो.

"साळव्यांचा नंबर आहे की आपल्याकडे."

"फोनवर नको."

साळवे ट्रॉलीच्या चाकाशी बसले होते. आम्हाला बघून उठले. मी तिथेच, त्यांच्या दोन गिऱ्हाइकांसमोर सांगितलं की मी जाणूनबुजून खोटं बोललो, माझ्या शिक्षणाचा धाक घातला, आणि तुमच्या जिवावर बेतलं असतं. वाक्यं मी वाटेत जुळवली होती, पण बोलताना क्रम चुकला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"टाकी कोनी धुतली?"

"मी. रेवतीनेही."

"किती बारी?"

"अकरा."

त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "मावशी सोडत न्हाईत." मग गंभीर होऊन म्हणाले, "सर, एक सांगू? तुम्ही केमिस्ट्रीचं बोलला ना, तवा मी नाकावर इस्वास ठेवला न्हाई. माझंबी चुकलं. आता कुनीबी सांगू दे, मी आधी धुवायलाच लावनार." ते गाडीखाली वाकले, ठिगळाच्या कडेवरून बोट फिरवलं, हुंगलं. "झ्याक काम झालंय." रेवतीला त्यांनी हात जोडले. मला जोडले नाहीत. ते बरोबर होतं.

दुपारी चारला घरी पोचलो. सगळा प्रवास चारशे किलोमीटरच्या आत, दोन तालुके, एक नदी. नद्यांचा संगम राहिला. शिरूर-दौंड कुणी फिरायला जात नाही, पण उसाला तुरे आल्यावर पारगावच्या पुलावर थांबा, आणि वरवंडला जेवा. रजेचे तीन दिवस उरले होते, ते आम्ही घरीच काढले.

सामान उतरवून झाल्यावर रेवती पायरीवर बसली. मी शेजारी बसलो.

"साळव्यांच्या शेडमध्ये तू ते बोललास ना," ती म्हणाली, "इतकं सहज बोललास की क्षणभर मलाच वाटलं, खरंच महिनाभर वापरली नव्हती का आपण टाकी? मी आठवायला लागले. आठवण्यात वेळ गेला. तेवढ्यात त्यांनी काच खाली ओढली." तिने चपला काढून बाजूला ठेवल्या. "स्फोटाची भीती नंतर वाटली. आधी याची वाटली."

समोरच्या रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला. मी विचारलं, "पुढच्या वर्षी येशील भामरागडला?"

"टाकीवर माझा भरवसा आहे आता," रेवती म्हणाली. "तुझ्यावर बसायला थोडा वेळ दे."

याला तीन आठवडे झाले. कॉलेज सुरू झालंय. सकाळी निघताना मी सीटखाली हात घालून बघतो, कोरडं असतं. ती दारातून बघत असते, कधी काही विचारते, आणि मी जे असेल तेच सांगतो. वेळ देतोय.